व्हिडिओ कमी, वही जास्त : भौतिकशास्त्राचा पहिला ऑनलाइन अभ्यासक्रम कसा करावा

गावात भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक नाही म्हणून विषय सुटला, असं आता होण्याचं कारण नाही. आयआयटीतल्या प्राध्यापकाचं अख्ख्या सत्राचं शिकवणं किनवटला, उमरग्याला किंवा आष्टीला घरी बसून मोबाइलवर फुकट ऐकता येतं. तरीही नाव नोंदवलेल्यांपैकी पुष्कळ मुलं-मुली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. दोष नेटवर्कला आणि इंग्रजीला दिला जातो, आणि तो थोडाफार खराही आहे. पण मध्येच थांबलेले जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतले बहुतेक एकाच जागी अडकले होते. त्यांनी व्याख्यानं सगळी पाहिली होती आणि गणित एकही स्वतः सोडवलं नव्हतं.

हा लेख बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी, आणि बारावीनंतर घरी राहून तयारी करणाऱ्यांसाठी आहे. विषय धरला आहे तो पहिल्या सत्राचा, म्हणजे यांत्रिकीचा: गती, बल, ऊर्जा, संवेग, फिरणाऱ्या वस्तू, दोलनं. वीज आणि चुंबकत्वाच्या अभ्यासक्रमालाही पद्धत हीच लागू पडते.

आधी अभ्यासक्रम नीट निवडा

महाविद्यालयीन पातळीवरचं पहिलं भौतिकशास्त्र दोन प्रकारांत मिळतं. एकात कॅल्क्युलस लागतं: वेग म्हणजे स्थितीचं विकलन, कार्य म्हणजे बलाचं संकलन, अशी भाषा पहिल्या तासापासून असते. दुसऱ्यात बीजगणित आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्यावर भागतं. बी.एस्सी. भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी पहिलाच प्रकार घ्यावा. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासमध्ये नीटची तयारी करून आलेल्या आणि अकरावीत गणित सोडलेल्या मुलांनी मात्र घाई करू नये. बीजगणितावर चालणारा अभ्यासक्रम आधी पूर्ण करून मग पुढे गेलं तर काही बिघडत नाही. उलट गणिताविना कॅल्क्युलसवाला अभ्यासक्रम घेतला, की दुसऱ्याच आठवड्यात सगळं डोक्यावरून जायला लागतं आणि "मला फिजिक्स जमत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

भारतात पहिली जागा म्हणजे स्वयम. केंद्र सरकारचं हे पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालवलेला एनपीटीईएल उपक्रमही तिथेच आहे. शिकणं मोफत आहे, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ४, ८ आणि १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट (पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) धरली जातात. पहिल्या अभ्यासक्रमाला १२ आठवड्यांचा घ्या. आठ आठवड्यांत यांत्रिकी उरकायची म्हणजे नुसती पळापळ होते.

नाव नोंदवण्याआधी एक परीक्षा अभ्यासक्रमाचीच घ्या. एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर मागच्या सत्रांचे अभ्यासक्रम आणि त्यांचे स्वाध्याय बघायला मिळतात. तिसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय उघडा आणि प्रश्न वाचा. उत्तरं येण्याची गरज नाही. काय विचारलंय हे निम्म्या प्रश्नांत कळलं, तर अभ्यासक्रम तुमच्या पातळीचा आहे. मग पहिलं व्याख्यान दहा मिनिटं ऐका. बोलण्याचा वेग, उच्चार, फळ्यावरचं अक्षर हे सगळं तुम्हाला तीन महिने सोसायचं आहे, तेव्हा इथे चोखंदळ राहा. मोठ्या संस्थेचं नाव पाहून न समजणारा शिक्षक पत्करू नका.

सोबत एक पाठ्यपुस्तक हवंच. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं विद्यापीठीय भौतिकशास्त्राचं पुस्तक तीन खंडांत मोफत उतरवून घेता येतं. यांत्रिकी पहिल्या खंडात आहे आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी भरपूर उदाहरणं आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयातलं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं मराठी किंवा इंग्रजी पुस्तकही जवळ असू द्या.

क्रेडिटचं आधी विचारा

ही पायरी लहान आहे, पण ती चुकली तर परीक्षेचे पैसे आणि सत्र दोन्ही वाया जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात. पण तुमचा नेमका विषय, तुमच्या नेमक्या सत्रात ग्राह्य धरायचा की नाही, हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांकडे जा, अभ्यासक्रमाचं पान छापून न्या आणि "सर, हा चालेल का?" हे विचारून लेखी घ्या. पुष्कळ कॉलेजांत स्वयमसाठी एक प्राध्यापक समन्वयक नेमलेले असतात, त्यांची गाठ घ्या. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, खातं नसेल तर तेही याच वेळी उघडा. खात्यातलं नाव आणि मार्कमेमोवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा.

नुसतं शिकायचं असेल, क्रेडिट नको असतील, तर ही पायरी सोडून द्या. फुकट शिका, परीक्षा देऊ नका. त्यात कमीपणा काहीच नाही.

कुठल्या सत्रात करायचं

अभ्यासक्रम साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. शहरातल्या मुलाला दोन्ही सारखेच असतील, आपल्याकडे तसं नाही. जुलैचं सत्र धरलं तर शेवटचे आठवडे आणि परीक्षा नेमकी सोयाबीनच्या काढणी-मळणीत येते. पाठोपाठ कापसाची वेचणी आणि दिवाळी. घरची शेती असेल तर त्या दिवसांत "माझा स्वाध्याय आहे" म्हणून वावरात जायचं टाळता येत नाही, आणि टाळूही नये. बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांत तर आई-वडील ऑक्टोबरात कारखान्याला गेले की मागे राहिलेल्या मुलीवर घर, म्हातारी माणसं आणि धाकटी भावंडं एकदमच येतात.

जानेवारीचं सत्र त्या मानाने मोकळं असतं. हरभऱ्याची सुगी मध्ये येते, पण ती थोड्या दिवसांची. अडचण दुसरीच: विद्यापीठाच्या परीक्षा आणि मराठवाड्याचं ऊन, दोन्ही मार्च-एप्रिलमध्ये. शेतीचं काम असलेल्यांना मी जानेवारी सुचवतो आणि वसतिगृहात किंवा शहरात राहणाऱ्यांना जुलै. जुलैच घ्यायचं असेल, तर पहिल्या आठ आठवड्यांत थोडं पुढे पळा. व्याख्यानं आठवड्याआधी उघडली नाहीत, तरी मागच्या सत्राची व्याख्यानं यूट्यूबवर असतात. ती पाहून दोन आठवड्यांची आघाडी घेता येते. ती आघाडी सुगीत खर्च करा.

सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस

या दिवसांत भौतिकशास्त्राला हात लावू नका, गणित धारदार करा. यांत्रिकीच्या पहिल्या चार आठवड्यांत जे लागतं ते फार नाही, पण ते विचार न करता हाताला आलं पाहिजे.

काटकोन त्रिकोणात साइन आणि कोसाइन कुठली बाजू देतात, ३०, ४५, ६० अंशांच्या किमती किती. सदिशाचे दोन घटक पाडणं आणि घटकांवरून सदिश परत जोडणं. घातांचं विकलन आणि संकलन, साइन-कोसाइनचं विकलन, साखळी नियम. दोन समीकरणांतून दोन अज्ञात काढणं. दहाच्या घातांची गणितं. आलेखाचा उतार आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद करणं. यातलं रोज थोडं, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय करा. सदिशांना जास्त वेळ द्या, कारण उतरंडीवरच्या ठोकळ्याच्या गणितात जी चूक होते ती दहापैकी आठ वेळा भौतिकशास्त्राची नसते, साइनच्या जागी कोसाइन लिहिल्याची असते.

मोबाइल, डेटा आणि बसायची जागा

लॅपटॉप असला तर बरं, नसला तर अडत नाही. फळा वाचता येईल एवढं चित्र ३६० किंवा ४८० रिझोल्यूशनवरही दिसतं, उगाच मोठ्या रिझोल्यूशनवर डेटा जाळू नका. कॉलेजच्या वायफायवर आठवड्याची व्याख्यानं एकदाच उतरवून घ्या आणि घरी नेटशिवाय पाहा. लाइट गेली तरी मोबाइलची बॅटरी पुरते, पण ती इतर गोष्टींनी संपलेली नसली पाहिजे. घरात रेंज येत नसेल तर स्वाध्याय कागदावर सोडवा आणि उत्तरं भरायला गच्चीवर, आखाड्यावर किंवा एसटी स्टँडकडे जा. भरायला दहा मिनिटं लागतात. स्वयमप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्या डिशवर मोफत दिसतात, टीव्ही असलेल्या घरात त्यांचाही उपयोग होतो.

घरात एकच फोन असेल तर वेळ आधी बोलून घ्या. पहाटे पाच ते सात ही वेळ आपल्याकडे सर्वांत चांगली: घर शांत, हवा थंड, नेटवर गर्दी कमी. मुलींना संध्याकाळी स्वयंपाकघरातून सुटका नसते, त्यांच्यासाठी तर पहाटच खरी. घरच्यांना वेळापत्रक दाखवा. "मोबाइलवर काय करतेस?" याचं उत्तर उघडी वही असली की वाद होत नाही.

आठवडा कसा चालवायचा

इथे सगळा खेळ आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१९९८ मध्ये रिचर्ड हेक या अमेरिकी अभ्यासकाने ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले. चाचणी यांत्रिकीच्या मूलभूत कल्पनांची होती, एकदा अभ्यासक्रमाआधी आणि एकदा नंतर. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत, आधी जे येत नव्हतं त्यातलं सरासरी २३ टक्के पदरात पडलं होतं. वर्गातच प्रश्न सोडवणाऱ्या, एकमेकांशी चर्चा करणाऱ्या वर्गांत ते ४८ टक्के होतं. पुढे २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ओघवतं व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं, पण चाचणीत स्वतः झगडून प्रश्न सोडवलेलेच पुढे होते. म्हणजे "छान समजलं" ही भावना आपल्याला फसवते. व्हिडिओत ती भावना सर्वांत जास्त येते, कारण समोरचा माणूस न अडखळता सोडवत असतो.

त्यामुळे वेळेची वाटणी अशी ठेवा की व्याख्यानाला एक तास दिला, तर वहीला किमान दोन. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण अडीच-तीन तासांची व्याख्यानं असतात, म्हणजे एकूण आठ-नऊ तास काढावे लागतील. दिवसाला सरासरी दीड तास, व्याख्यानांच्या दिवशी जास्त आणि बाकीच्या दिवशी कमी, आणि रविवारी सुट्टी.

पहिल्या दिवशी व्हिडिओ न लावता पाठ्यपुस्तकातलं प्रकरण चाळा. आकृत्या, ठळक शब्द, सोडवलेली उदाहरणं एवढंच. पुढचे दोन दिवस व्याख्यानं. प्राध्यापकांनी उदाहरण मांडलं की व्हिडिओ थांबवा आणि पुढची ओळ स्वतः लिहा. मग चालू करून ताडून बघा. अर्ध्या तासाचं व्याख्यान असं पाहायला एक तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. सगळं फळ्यावरचं उतरवून घेण्याची सवय सोडा. फळा तर कायमचा तुमच्या फोनमध्ये आहे. वहीत उतरायला हवा तुमचा विचार.

चौथ्या दिवशी व्हिडिओ आणि पुस्तक दोन्ही मिटवा आणि आठवड्याचा गाभा एका कोऱ्या पानावर आठवून लिहा. कुठलं सूत्र, ते कधी लागू पडतं, कधी पडत नाही. स्थिर त्वरणाची समीकरणं त्वरण बदलत असेल तर चालत नाहीत, ही एक ओळ ज्याच्या पानावर नाही त्याने सूत्र पाठ केलंय, शिकलेलं नाही. मग स्वाध्याय उघडा, पहिल्या फेरीत जे जमतील ते सोडवा. पाचव्या आणि सहाव्या दिवशी उरलेले स्वाध्यायाचे प्रश्न, आणि पाठ्यपुस्तकातली आणखी सात-आठ उदाहरणं.

स्वाध्याय शेवटच्या रात्री भरायला ठेवू नका. मुदत रात्री ११.५९ ची असते आणि नेमकं तेव्हाच नेट रखडतं.

एक गणित पूर्ण लिहून पाहू

लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या मुलांचा वेग मोठा असतो. चार पर्याय, मिनिटभरात उत्तर. ही ताकदच आहे, पण महाविद्यालयीन भौतिकशास्त्रात ती एकटी पुरत नाही. इथे प्रश्न मांडायलाच अर्धी मेहनत असते. म्हणून सुरुवातीचे चार आठवडे प्रत्येक गणित लांबण लावून लिहा.

समजा, परभणी-जिंतूर रस्त्यावर एसटी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. समोर उसाची ट्रॉली दिसते. चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला १ सेकंद लागतो आणि ब्रेकने मंदन ३ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळतं. गाडी किती अंतरावर थांबेल?

आधी चित्र: सरळ रेषा, गाडीच्या दिशेने धन बाजू, रेषेचे दोन तुकडे. मग दिलेलं आणि हवं असलेलं. वेग ७२ भागिले ३.६, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. मग कल्पना शब्दांत लिहा: "पहिल्या सेकंदात वेग स्थिर, नंतर त्वरण स्थिर आणि ऋण." ही ओळ सर्वांत मोलाची, आणि हीच सगळे गाळतात. पहिलं अंतर २० गुणिले १, म्हणजे २० मीटर. दुसरं अंतर वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट: ४०० भागिले ६, म्हणजे ६६.७ मीटर. एकूण ८६.७ मीटर.

इथे पेन ठेवू नका. एकक तपासा: मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग, भागिले मीटर प्रति सेकंद वर्ग, उरला मीटर. टोकाची परिस्थिती तपासा: मंदन शून्याकडे गेलं तर अंतर अनंताकडे जायला हवं, जातं. मग आकडा बदला. हीच एसटी ताशी ५४ ने जात असती तर? वेग १५, पहिलं अंतर १५ मीटर, दुसरं २२५ भागिले ६ म्हणजे ३७.५, एकूण ५२.५ मीटर. वेग एक चतुर्थांशच घटला, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं, कारण तिथे वेगाचा वर्ग आहे. शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: गाडीत प्रवासी किती होते हे गणितात कुठेच का आलं नाही? त्याचं उत्तर घर्षणाच्या आठवड्यात मिळेल, तोवर समासात लिहून ठेवा.

असं एक गणित वीस मिनिटं खातं. पण असे पंचवीस प्रश्न केले की पुढचे दोनशे सोपे जातात.

स्वतः गणितं तयार करायची सवयही लावून घ्या. ऊर्जेच्या आठवड्यात घरच्या बोअरचं गणित मांडा. पाणी ६० मीटर खोल आहे. एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी वर आणायला १ गुणिले ९.८ गुणिले ६० म्हणजे ५८८ ज्यूल. ५ एचपीची मोटर, एक एचपी ७४६ वॅट, म्हणून ३७३० वॅट. त्यातली निम्मी शक्ती पाण्याच्या कामी आली असं धरलं तर १८६५ भागिले ५८८, सेकंदाला सुमारे ३.२ लिटर. हजार लिटरची टाकी साधारण सव्वापाच मिनिटांत भरायला हवी. आता घड्याळ घेऊन टाकी भरा. वेळ जास्त लागला तर शक्ती कुठे जाते, त्याचा विचार करा: नळीतलं घर्षण, झिजलेला पंप, कमी व्होल्टेज. पाणी खोल गेल्यावर धार का बारीक होते, हे गावातल्या प्रत्येकाला अनुभवाने माहीत आहे. तुम्हाला ते आकड्यांत मांडता येईल.

जिथे बहुतेक जण अडखळतात

वक्र मार्गावरच्या गणितात "केंद्राभिमुख बल" नावाचा वेगळा बाण काढू नका. तसं कुठलंही नवं बल नसतं. दोरीचा ताण, घर्षण, गुरुत्व यांपैकी जे खरोखर लागतं, त्याचाच केंद्राकडचा घटक ते काम करतो. तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी कधीही एकाच वस्तूवर नसते. टेबलावरच्या पुस्तकावर खाली गुरुत्व आणि वर टेबलाची लंब प्रतिक्रिया, ही जोडी तिसऱ्या नियमाची नाही. पुस्तकावरच्या गुरुत्वाची जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला लावलेली ओढ. आणि लंब प्रतिक्रिया दर वेळी वजनाएवढी नसते: उतारावर ती कमी होते, वर वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये वाढते.

उपाय एकच, एकेका वस्तूला सुटं काढून तिच्यावरची बलं दाखवणारी आकृती. प्रत्येक बाणाशेजारी "कोणी लावलं" हे लिहा. ज्या बाणाला लावणारा सापडत नाही, तो खोडा.

अडलं तर

वीस मिनिटं प्रयत्न करा. तेवढ्यात सुटलं नाही तर कुठल्या ओळीपर्यंत आलात ते लिहून प्रश्न बाजूला ठेवा. अभ्यासक्रमाच्या चर्चेच्या जागेत विचारताना "प्रश्न ५ येत नाही" असं लिहू नका. आकृती कशी काढली, कुठलं समीकरण लावलं, उत्तर काय आलं, ते लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, सहायक तिथे भौतिकशास्त्र बघतात. कॉलेजच्या सरांकडे किंवा मॅडमकडेही अशीच वही घेऊन जा. वही पाहिलेला शिक्षक दारातून परत पाठवत नाही.

तीन-चार जणांचा गट असेल तर उत्तम. मात्र व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरवणारा गट म्हणजे नुकसान. ठरवून टाका: गटात फक्त अडलेली पायरी टाकायची. एआय चॅटबॉटलाही हाच नियम. त्याला पूर्ण उत्तर मागितलंत तर व्हिडिओपेक्षाही वाईट सवय लागेल, शिवाय तो आत्मविश्वासाने चुकतोही. "माझी तिसरी ओळ बरोबर आहे का?" एवढंच विचारा आणि त्याचं म्हणणं पुस्तकावर तपासा.

मराठी माध्यमातून आलात तर

पहिल्या पानावर एक तक्ता करा: चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, वस्तुमान म्हणजे मास, जडत्वाघूर्ण म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, कोनीय संवेग म्हणजे अँग्युलर मोमेंटम. आठवड्याला दहा-पंधरा शब्दांपेक्षा जास्त येत नाहीत. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, वेग ०.७५ वर आणा. विचार मराठीत करा आणि उत्तर इंग्रजीत लिहा, यात काहीच अडचण नाही. महिनाभरात कान सरावतो.

प्रयोग घरी, पण खरे

प्रयोगशाळा ऑनलाइन होत नाही आणि विद्यापीठाची प्रात्यक्षिकं प्रत्यक्षच करावी लागतात. तरी घरचे दोन-तीन प्रयोग सोडू नका.

लंबकाचा प्रयोग जरूर करा. जाड शिवणाचा दोरा आणि एक लहान जड वस्तू, नट किंवा खिळ्यांची पुरचुंडी. खुंटीपासून वस्तूच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. वस्तूच्या वरच्या टोकापर्यंत मोजलंत आणि लांबी २ सेंटिमीटरने चुकली, तर गुरुत्वत्वरण २ टक्क्यांनी चुकेल. पंखा बंद करा. झोका १० अंशांच्या आत ठेवा. ३० अंशांपर्यंत नेलात तर आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. २० दोलनांचा वेळ मोजा. तो ४०.२ सेकंदांच्या आसपास यायला हवा. आवर्तकालाच्या वर्गाने ३९.४८ ला (४π² गुणिले १ मीटर लांबी) भागा, गुरुत्वत्वरण मिळेल.

मराठवाड्यात ते ९.७८ च्या जवळ आहे. पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा कमी, कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आणि समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंचावर आहोत. पण तुमच्या दोऱ्याला हा फरक दिसणार नाही. ४० सेकंद मोजताना ०.४ सेकंद इकडेतिकडे झालं तरी उत्तरात ०.२ चा फरक पडतो. हे गणित वहीत मांडलंत की त्रुटी म्हणजे काय ते कायमचं कळतं, आणि दहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहिण्याची खोडही जाते.

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलच्या सेन्सरवर चालतं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच साध्या फोनवरही चालतं. फुग्याला दोऱ्याने वजन बांधा, खाली ताट ठेवा, फुगा फोडा. फट् आवाजाला घड्याळ सुरू होतं, ताटावर वजन आपटलं की थांबतं. सव्वा मीटर उंचीवरून पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. हाताने हे मोजता येत नाही.

ज्या गोष्टी घरी दिसत नाहीत, त्यांच्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सादृश्यकं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग (सिम्युलेशन), वापरा. नोबेलविजेते कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सादृश्यकं मराठीत आहेत आणि एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात. मात्र बटणं दाबण्याआधी "आता काय होईल" हे वहीत लिहा, मग दाबा. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅबमध्ये कॉलेजचे प्रयोग आधी पाहून घेतलेत तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी उपकरण अनोळखी वाटत नाही.

परीक्षा आणि त्यानंतर

एनपीटीईएलच्या पद्धतीत २५ गुण स्वाध्यायांना आणि ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला असतात. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायात १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. १२ स्वाध्यायांतले सर्वोत्तम ८ धरले जातात. त्यामुळे सुगीत एखादा आठवडा हुकला तर अभ्यासक्रम सोडू नका, पुढचा आठवडा धरा. हुकलेली व्याख्यानं मात्र नंतर पाहा, कारण ऊर्जा चुकवून संवेगाचं प्रकरण कळत नाही.

परीक्षेचं शुल्क एका विषयाला साधारण १००० रुपये असतं आणि काही प्रवर्गांना सवलत असते, ती नोंदणीच्या पानावर पाहा. परीक्षेची नोंदणी अभ्यासक्रमाच्या नोंदणीहून वेगळी असते आणि तिची मुदत मध्येच संपते, ती तारीख भिंतीवर लिहा. केंद्राचं शहर निवडताना सकाळच्या पाळीला पहिल्या एसटीने पोचता येतं का ते बघा. येत नसेल तर दुपारची पाळी मिळते का पाहा, नाहीतर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र पिशवीत आदल्या दिवशीच ठेवा.

शेवटचे दहा दिवस व्हिडिओ पूर्ण बंद. सगळे जुने स्वाध्याय कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा, चुकलेल्यांवर खूण करा, खूण केलेले तिसऱ्यांदा सोडवा. परीक्षा संगणकावर असते, तेव्हा कच्चं काम कागदावर आणि उत्तर पडद्यावर अशी दोन-तीनदा सवय करून घ्या.

निकाल लागला की प्रमाणपत्र उतरवून त्याची छापील प्रत विभागात अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. क्रेडिट खात्यात जमा झाली का, हे महिनाभराने बघा. नसतील तर समन्वयकांकडे पोच घेऊन जा, पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याच्या आत.